अनोळखी फोनवर सात मिनिटं: एका वर्गभाषणाचं प्रकरण

पहिल्या तालमीत चौथ्या मिनिटाला मी घड्याळाकडे पाहिलं. ऐकणारा घड्याळ बघायला लागला की भाषण हातातून गेलं असं समजावं, आणि मी तर त्या भाषणाचा पगारी श्रोता होतो. समोर उभी असलेली विद्यार्थिनी सांगत होती, "साडेचार इंचांचा डिस्प्ले, ड्युअल कोअर प्रोसेसर, एक जीबी रॅम, सोळा जीबी स्टोरेज, आठ मेगापिक्सेलचा कॅमेरा..." एकही आकडा चुकीचा नव्हता. पण २०१३ मधल्या फोनचे हे आकडे आजच्या वर्गात वाचून दाखवले की मुलांना त्यातून एकच गोष्ट कळते: फोन जुना आहे.

विषय होता सेलफिश ओएस, म्हणजे फिनलंडच्या जोला या छोट्या कंपनीची स्मार्टफोन प्रणाली. नेमून दिलेलं काम साधं होतं. वर्गातल्या बहुतेकांना माहीत नसलेल्या विषयावर सात मिनिटांचं माहितीपर भाषण, मग तीन मिनिटं प्रश्न. माहितीपर म्हणजे समजावून द्यायचं, गळी उतरवायचं नाही. ऐकून उठलेल्याला विषय कळलेला असावा. तो त्याला आवडावा, अशी अट नाही.

तंत्रज्ञानाचे विषय दर वर्षी येतात आणि त्यांचे दोन ठरलेले आजार आहेत. एक तर भाषणाची जाहिरात होते, नाहीतर ते डब्यावरच्या माहितीसारखं वाचलं जातं. हिच्या पहिल्या मसुद्यात दोन्ही होतं. कारणही होतं. तिच्या मामाने एका जुन्या सोनी एक्सपेरियावर सेलफिश टाकून तो फोन तिला दिला होता, आणि वर्षभर ती तोच वापरत होती. तिचं त्या फोनवर प्रेम होतं. विषयावर प्रेम असणं चांगलंच, पण प्रेमात माणूस वकिली करायला लागतो आणि ते त्याचं त्याला कळत नाही.

तिला मी एक काम दिलं. मसुद्यातल्या प्रत्येक वाक्यापाशी थांबायचं आणि विचारायचं, सेलफिश अजिबात न आवडणारा माणूस या वाक्याला मान डोलावेल का? नसेल तर खाली लाल रेघ. "सेलफिशमध्ये होमचं बटण नाही" याला कोणीही हो म्हणेल. "बटणांच्या गुलामीतून सेलफिशने सुटका केली" याखाली रेघ. "इतकी सुंदर प्रणाली लोकांनी नाकारली हे दुर्दैव" याखाली दोन. तिने पान परत आणलं तेव्हा निम्मं लाल झालं होतं. "सर, मग उरलं काय?" असं तिने विचारलं. उरलं होतं ते बरंच होतं, फक्त त्याला कणा नव्हता.

लाल रेघांच्या या चाळणीतून एक चूकही सापडली. "सेलफिश पूर्णपणे ओपन सोर्स आहे" असं वाक्य होतं. ते तसं नाही. खालचा गाभा लिनक्स या मुक्त प्रणालीचा आणि खुला, म्हणजे त्याचा कोड कोणालाही पाहता येतो, पण वरच्या इंटरफेसचा मोठा भाग बराच काळ बंद राहिला, आणि अँड्रॉइडची ॲप चालवणारा थर कंपनीच्या मालकीचा आहे. तिला हे ठाऊक होतं. तरी तिने "पूर्णपणे" लिहिलं, कारण ऐकायला बरं वाटत होतं. वकिली अशीच येते, एखाद्या क्रियाविशेषणातून.

दुसरी तालीम चार दिवसांनी झाली. या वेळी तिने इतिहास आणला होता, तारखेवार. २००५ मध्ये नोकियाचं ७७० हे इंटरनेट टॅब्लेट, त्यावर माएमो नावाची लिनक्सवर उभी असलेली प्रणाली. २००९ मध्ये त्याच घराण्यातला एन९०० फोन. फेब्रुवारी २०१० मध्ये बार्सिलोनात नोकिया आणि इंटेलने आपापली पोरं, माएमो आणि मोब्लिन, एकत्र करून मीगो जाहीर केली. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी करून विंडोज फोनची वाट धरली. जूनमध्ये एन९ जाहीर झाला, म्हणजे ज्या प्रणालीचा निकाल आधीच लागला होता तिच्यावरचा फोन. मीगोवर काम केलेल्या काही जणांनी बाहेर पडून त्याच वर्षी जोला काढली. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये हेलसिंकीत सेलफिश दाखवली, २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये पहिला फोन विकायला आला, ३९९ युरोंना. जोला म्हणजे फिनिश भाषेत छोटी होडी. मोठं जहाज बुडताना पाण्यात सोडलेली होडी, हा अर्थ नावातच आला.

(जाता जाता: एन९ ला मीगोचा फोन म्हणतात खरं, पण त्यावरची हार्मॅटन ही प्रणाली तांत्रिकदृष्ट्या माएमोचीच पुढची पिढी होती. हे तिने भाषणात घालावं का, यावर आमची दहा मिनिटं गेली. शेवटी "मीगोच्या नावाने आलेला" एवढंच ठेवलं. चूकही नाही आणि फाटाही नाही.)

सगळं बरोबर, सगळं क्रमाने, आणि तरी निर्जीव. तारखा एकामागून एक येत होत्या, पण पुढची तारीख का ऐकायची, याला उत्तर नव्हतं.

तालमीला मी नेहमी एक वर्गमित्र बसवतो. अट एकच, त्याला विषयातलं काही कळत नसावं. त्या दिवशी बसलेला मुलगा शेवटपर्यंत गप्प होता. भाषण संपल्यावर त्याने विचारलं, "पण मग हे मी आधी कधीच का ऐकलं नाही?"

ती टाचणं टेबलावर टाकून बाकाच्या कडेला टेकली आणि बोलायला लागली. ॲप नसतात म्हणून लोक फोन घेत नाहीत, लोक नाहीत म्हणून कोणी ॲप बनवत नाही. शिवाय फोनची चिप बनवणारे ड्रायव्हर, म्हणजे फोनचे भाग चालवणारं सॉफ्टवेअर, देतात ते अँड्रॉइडपुरते, बाकीच्यांनी आपलं आपण बघायचं. मामाने फोनवर सेलफिश टाकली त्या दिवशी बूटलोडर अनलॉक करण्यात, म्हणजे दुसरी प्रणाली टाकू न देणारं कुलूप काढण्यात, सगळी संध्याकाळ गेली, आणि मुळात इतकं कोण करणार? चार मिनिटं ती थांबली नाही. मी घड्याळ पाहिलं, पण या वेळी मोजायला.

या प्रकरणातून मला सांगायचं आहे ते इथेच आहे. विषय अनोळखी असला की वक्त्याला वाटतं श्रोत्याचा प्रश्न "हे काय आहे?" असा असेल. तो असतोही, पण अर्ध्या मिनिटापुरता. त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतो: हे इतकं चांगलं असेल तर मला माहीत कसं नाही? त्याचं उत्तर मिळेपर्यंत श्रोता पुढचं काही मनावर घेत नाही, कारण त्याचं स्वतःचं उत्तर तयार असतं, ते म्हणजे "काही खास नसणार." तेव्हा कमी माहीत असलेल्या फोन-प्रणालीवरच्या भाषणाचा विषय प्रणाली हा नसतोच. ती कमी माहीत का राहिली, हा असतो. प्रणाली त्यातून आपोआप कळते.

मग मांडणी उलटी केली. इतिहासाच्या आठ तारखांतली २०११ आणि २०१३ ही दोनच सालं राहिली, २०१७ नव्याने आलं. रशियाचा परिच्छेद गेला. सेलफिशपासून निघालेली ऑरोरा ही प्रणाली तिथे सरकारी वापरात आहे. गोष्ट रंजक, पण तिच्यामागे येणाऱ्या राजकारणाला सात मिनिटांत जागा नाही. पाठीमागचं बदलता येणारं कव्हर, ज्याला जोलाने "दुसरा अर्धा" असं नाव दिलं होतं, तेही गेलं. ते काढताना तिचा चेहरा पडला. मी मन घट्ट केलं.

सुरुवात कशी करायची, हे तिचं तिनेच शोधलं. ती वर्गाला फोन बाहेर काढायला सांगणार होती. (वर्गात फोन बाहेर काढायची परवानगी देताना मला काय वाटलं, ते बाजूला राहू द्या.) कोणतंही ॲप उघडा. आता ते बंद करा. तुमचा अंगठा आत्ता कुठून कुठे गेला? बहुतेकांचा खालच्या कडेवरून वर गेलेला असतो. मग ती म्हणणार: "हे बोट असं सरकवायला आयफोनने २०१७ मध्ये आयफोन टेनबरोबर शिकवलं, अँड्रॉइडने २०१९ मध्ये दहाव्या आवृत्तीत जवळपास तसंच आणलं. २०११ मधला एक फोन असा होता की त्याच्या दर्शनी भागावर एकही बटण नव्हतं. कडेवरून बोट सरकवलं की होम. तो फोन तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलाय?"

कोणी हात वर करणार नाही, हे ठरलेलंच. आणि प्रश्न आता त्यांच्या डोक्यात.

ड्रायव्हरचा भाग सगळ्यात जड गेला. तो काढून टाकावा असं मी दोनदा सुचवलं, तिने दोन्ही वेळा नाही म्हटलं, आणि तिचंच बरोबर होतं. ॲपचं दुष्टचक्र सगळ्यांना साधारण ठाऊक असतं. नोकियाच्या प्रमुखांनी फेब्रुवारी २०११ मध्ये कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या त्या गाजलेल्या पत्रातही तेच होतं. समुद्रातल्या जळत्या तेलफलाटावर उभ्या असलेल्या माणसाची गोष्ट सांगून त्यांनी म्हटलं होतं की लढाई आता उपकरणांची राहिली नाही, त्यांच्याभोवतीच्या साऱ्या पसाऱ्याची झाली आहे. पण पसारा बाजूला ठेवला तरी एक छोटी कंपनी फोन चालू तरी कसा करते, हे सहसा कोणी सांगत नाही. तिथे खरी नवी माहिती होती.

पहिल्या मसुद्यात तिने लिहिलं होतं: "लिबहायब्रिस हा कम्पॅटिबिलिटी लेयर बायोनिकवर आधारित लायब्ररी ग्लिबसी वातावरणात लोड करतो." वाक्य खरं आहे. पण त्यातले "हा" आणि "करतो" सोडले तर वर्गाला काही कळलं नसतं. आम्ही ते असं उलगडलं: कॅमेरा, ग्राफिक्स, सेन्सर हे सगळं चालवायला चिपवाल्याचा ड्रायव्हर लागतो. चिपवाला तो अँड्रॉइडसाठी लिहितो, कारण गिऱ्हाईक तिकडे आहे. अँड्रॉइडही लिनक्सवरच चालतं, पण त्याची पायाभूत लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा साठा, वेगळी आहे, बाकीचं लिनक्स जग दुसरी वापरतं. म्हणजे घर एकच, पण वरच्या मजल्यावरचे एक बोली बोलतात, खालचे दुसरी. ड्रायव्हर फक्त वरच्यांची बोली समजतो. २०१२ च्या सुमारास सेलफिशकडच्या मंडळींनी मध्ये एक दुभाष्या बसवला, त्याचं नाव लिबहायब्रिस. त्यामुळे अँड्रॉइडसाठी लिहिलेला ड्रायव्हर सेलफिशला वापरता येतो. हाच दुभाष्या उबुंटू टच या दुसऱ्या फोन-प्रणालीनेही ठेवला.

पण दुभाष्या ठेवला की मालकाची मर्जीही राखावी लागते. चिपवाल्याने एखाद्या फोनसाठी नवा ड्रायव्हर द्यायचं बंद केलं की सेलफिशही तिथेच अडते. म्हणून ती कोणत्याही फोनवर चालत नाही. २०१७ मध्ये सोनीच्या एक्सपेरिया एक्सवर ती अधिकृतपणे टाकता येऊ लागली, आणि पुढेही बराच काळ यादी मुख्यतः सोनीच्या निवडक फोनांचीच राहिली. या भागाला तिने नव्वद सेकंद दिले. तालमीतल्या त्या मुलाने "घर एकच, बोली दोन" हे दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे जसंच्या तसं म्हणून दाखवलं, तेव्हा मी काढायचा हट्ट सोडला.

प्रात्यक्षिकाचं वेगळंच नाटक झालं. फोनचा पडदा तिसऱ्या बाकाच्या पलीकडे दिसत नाही, तरी दर वर्षी कोणीतरी तो हातात धरून "हे बघा" म्हणतं आणि मागची मुलं आशेने माना उंचावतात. हिने फोन प्रोजेक्टरला जोडायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मला विचाराल तर बरंच झालं.

तिने पुठ्ठ्याचा फोन केला, हातभर उंच. पुठ्ठ्याच्या चौकटीला दोन्ही बाजूंना चिरा, त्यांतून आडवी सरकणारी कागदाची पट्टी. पट्टीवर मोठ्या अक्षरात "ॲप". पट्टी बाजूला ओढली की खालून होम दिसायचं, चालू असलेल्या ॲपच्या छोट्या चौकटींसकट. दुसरी पट्टी वरून खाली यायची. ती सेलफिशची खास चीज, ओढून उघडायचा मेनू: पान खाली ओढायला लागलं की वरून एकेक पर्याय उतरतो, बोट जसं खाली जाईल तसा पुढचा पर्याय उजळतो, आणि हवा त्यावर बोट सोडलं की निवडला. बघून टिचकी मारायची गरज नाही, अंतर अंगठ्याच्या लक्षात राहतं. पट्टीवरचे चार पर्याय तिने स्केचपेनने रंगवले होते आणि चौकटीच्या वरच्या ओळीत पिवळी जिलेटीन चिकटवली होती, म्हणजे जो पर्याय तिच्याखाली येईल तो उजळल्यासारखा दिसेल. शाळेतल्या प्रकल्पाइतकं साधं, पण शेवटच्या बाकावरून दिसत होतं.

प्रत्यक्ष भाषणाच्या दिवशी दोन गोष्टी बिघडल्या. अंगठ्याच्या प्रयोगाला चाळीस सेकंद धरले होते, सव्वा मिनिट लागलं, कारण फोन बाहेर काढलेली मुलं फोन आत ठेवत नाहीत हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. दुसरं, मेनूची पट्टी अर्ध्यावर अडकली. तिने एक क्षण पाहिलं, पुठ्ठ्यावर चापट मारली आणि म्हणाली, "मामाच्या जुन्या फोनचंही कधीकधी असंच होतं." वर्ग हसला आणि तिचा आवाज तेव्हापासून मोकळा झाला.

गेलेला वेळ तिने भरून काढला तो मात्र तयारीने. टाचणात जोलाच्या टॅब्लेटची हकीकत तुटक रेघांच्या चौकटीत होती, वर लिहिलेलं: "वेळ असेल तरच". २०१४ मध्ये लोकवर्गणीतून उभा केलेला हा टॅब्लेट पैसे भरलेल्या बहुतेकांपर्यंत पोचलाच नाही, आणि २०१५ च्या शेवटी कंपनीने बरीचशी माणसं तात्पुरती घरी बसवली. हकीकत मोठी, पण "मी का ऐकलं नाही" याच्या उत्तरात ती चौथं कारण होती. तिने चौकट ओलांडली आणि वर्गाला कळलंही नाही. मी मात्र जागचा हललो, कारण भाषण करताना सुचलेलं गाळणं आणि आधीच ठरवलेलं गाळणं यात केवढा फरक असतो, ते दर वर्षी वीसेक मुलांना सांगून एखाद्यालाच पटतं.

प्रश्नांत पहिला अर्थातच: "व्हॉट्सॲप चालतं का?" अँड्रॉइडची ॲप चालवणाऱ्या थरातून बरीच ॲप चालतात, पण त्यात गूगलच्या सेवा नसतात. त्यांच्यावर विसंबून असलेली ॲप रुसतात, आणि बँकांची ॲप त्यात पुढे असतात, असं तिने सांगितलं. दुसरा प्रश्न: "म्हणजे ॲपलने ही कल्पना चोरली?" इथे मी श्वास रोखला, कारण पहिल्या मसुद्यातली ती असती तर टाळी घेतली असती. ती म्हणाली, "आधी आलं एवढं मी सांगू शकते. घेतलं, हे मला माहीत नाही. आणि २००९ मध्ये पाम कंपनीच्या वेबओएस या फोन-प्रणालीमध्येही बोट सरकवण्याच्या खुणा होत्या, म्हणजे पहिला नंबर नोकियाचाही नाही." तिसरा प्रश्न मागून आला: "तू स्वतः वापरतेस?" "वापरते. बँकेचं काम असलं की आईचा फोन घेते."

या उत्तरांना मी भाषणापेक्षा जास्त गुण दिले असते, पण गुणपत्रिकेत तसा रकाना नाही.

भाषणानंतर मी मुलांकडून चिठ्ठ्या घेतो. घरी गेल्यावर यातलं एक वाक्य कोणाला सांगायचं झालं तर कोणतं सांगाल, एवढंच लिहायचं. सगळ्यात जास्त चिठ्ठ्या अंगठ्याच्या आणि २०११ च्या होत्या. दुभाष्या काहींनी नीट लिहिला, काहींनी "ड्रायव्हर महाग असतात" असं काहीतरी भलतंच. तो भाग मागच्या बाकांपर्यंत पोचला नव्हता, हे मान्य करावं लागलं. पण सात चिठ्ठ्यांनी मला खरंच गप्प केलं. त्यांत वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट होती: सेलफिश नावाची एक बंद पडलेली प्रणाली होती.

ती बंद पडलेली नाही. २०२३ मध्ये व्यवसाय नव्या कंपनीकडे गेला, २०२४ मध्ये जोला सी२ हा फोन आला, प्रणालीचे अपडेट येत राहिले. भाषणात यातलं काहीच नव्हतं. तिने वकिली करू नये म्हणून मी एकेक गोड वाक्य छाटत गेलो आणि "का ऐकलं नाही" याची कारणं एकावर एक रचत गेलो, त्यात भाषणाची श्रद्धांजली झाली. दोष तिचा नव्हता. लाल पेन मी दिलं होतं, आणि त्या पेनाने दोन्ही दिशांना तपासायचं असतं हे सांगायला विसरलो होतो. सेलफिश आवडणारा माणूस प्रत्येक वाक्याला मान डोलावेल का, हेही विचारायला हवं होतं.

चिठ्ठ्या मी तिला दाखवल्या. तिने वाचल्या, थोडी चिडली, मग म्हणाली, "एकच वाक्य पाहिजे, सर. कुठे घालू?" शेवटी घालून पाहिलं, तर समारोपाचं समाधान वाटायला लागलं. मध्ये घातलं, तर कारणांची साखळी तुटली. मग तिने ते अगदी पुढे आणलं, अंगठ्याच्या प्रयोगानंतर लगेच: तो फोन किती जणांनी पाहिलाय, हे विचारायचं, कोणी हात वर करत नाही हे दिसेपर्यंत थांबायचं, खिशातून स्वतःचा फोन काढायचा आणि म्हणायचं, "त्याचा वारस हा. आज सकाळी याच्यावरच गजर झाला."

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तुकडीपुढे तिने तसंच केलं. या वेळी चिठ्ठ्यांत "बंद पडलेली" एकदाच आलं, आणि ते लिहिणारा पहिली दोन मिनिटं उशिरा आला होता.